उद्याचा अंक

२४ डिसेंबर, रात्र

आज साने गुरुजींची जयंती. सकाळी थंडी एवढी होती की पोरं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून उभी होती. मी भाषण केलंच नाही. परवा अमळनेरला प्रताप हायस्कूलवरून गेलो, तेव्हापासून डोक्यात दुसरंच घोळत होतं.

गुरुजी आधी अमळनेरच्याच तत्त्वज्ञान मंदिरात होते, प्रतापशेठजींनी १९१६ साली काढलेल्या. १९२४ साली ते शाळेत शिक्षक म्हणून लागले, पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आलं. मुलांची अंथरुणं आवरायचे, कपडे धुवायचे, हे आपण दरवर्षी सांगतोच. मला मात्र त्यांचं ‘छात्रालय’ दैनिक फार मोठं वाटतं. हाताने लिहिलेलं, आणि रोज! दिवसभर शिकवायचं, पोरांची दुखणीखुपणी काढायची आणि वर उद्याचा अंक. मी आठ वर्षं वसतिगृह सांभाळतोय. रात्रीची हजेरी झाली की पत्र लिहायचंही त्राण उरत नाही. १९३० साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. सहाच वर्षं, पण अजून शाळेचं नाव निघालं की पाठोपाठ त्यांचं येतं.

म्हणून आज जेवणघराच्या दाराशी एक कोरा ड्रॉइंग पेपर चिकटवला. ज्याला जे वाटेल ते लिहा म्हटलं. बराच वेळ कुणी पुढे येईना. मग सातवीतला एक पोरगा आला. ‘सर, मी काय लिखू?’

‘घरचं लिही.’

त्याने पेन घट्ट धरून, अक्षर अक्षर दाबत घरच्या अहिराणीत लिहिलं: ‘मनी माय कापूस येचस. रातले तिना हात दुखतस.’

माझ्या खिशातलं लाल पेन हातात आलं होतं. ‘येचस’खाली रेघ मारायची, वर ‘वेचते’ लिहायचं, वीस वर्षांची सवय. टोपण परत लावलं. वाळल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला कशी टोचतात, ते मी माझ्या आईच्या बोटांवर पाहिलंय. ‘वेचते’मध्ये ते आलं नसतं.

संध्याकाळपर्यंत कागद कडेपर्यंत भरला. एकाने तर नुसतं वांग्याच्या भरताचं चित्र काढलंय, भाकरीसकट.

उद्याचा अंक मी लिहायचा, असं पोरांनी ठरवलंय. साडेदहा वाजलेत. पहिली ओळ त्या सातवीतल्यासाठी लिहिली: ‘घरी गेलास की मायच्या हाताला खोबरेल तेल चोळ, जरा कोमट करून.’