डेंगळ्यांचं काय, तुम्ही विचारलंत म्हणून

‘त्रिंबकजी डेंगळे देशभक्त की कारस्थानी?’ पेशवाईच्या अखेरच्या दिवसांचा विषय निघाला की मला हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर थोडं आडवं आहे. आधी ते एका माणसाचे, दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे, लाडके होते, आणि बाकीचं सगळं त्यातून आलं.

मूळचे ते जासूद. १८०२ मध्ये होळकरांच्या धास्तीने दुसरा बाजीराव महाडला पळाला, तेव्हा पुण्याला पत्र पोचवून त्यांनी उत्तर इतक्या झटपट आणलं की ते धन्याच्या नजरेत भरले. पुढे थेट कारभारी. पाठीशी ना घराणं, ना सरदारकी. मर्जी तेवढी होती. अशा माणसाला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही, आणि बाजीरावाला नेमका तसाच माणूस हवा होता.

अहमदाबादच्या मामलतीचा (महसूल वसुलीच्या हक्काचा) आणि जुन्या येण्याबाकीचा तंटा मिटवायला बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते. २० जुलै १८१५ च्या रात्री पंढरपुरात, विठ्ठलाच्या देवळातून परतताना त्यांचा खून झाला. बरं वाटत नव्हतं, तरी त्रिंबकजींकडून निरोपावर निरोप येत राहिले म्हणून ते गेले होते. बाजीरावही तेव्हा पंढरपुरातच. पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट (वकील) एल्फिन्स्टनने बोट ठेवलं ते मात्र त्रिंबकजींवर. पेशव्याने थोडे आढेवेढे घेतले आणि सप्टेंबरात आपला माणूस देऊन टाकला.

इंग्रजांनी त्यांना कैदेत ठेवलं ठाण्याच्या किल्ल्यात (आजचं कारागृह तिथेच आहे), आणि फितुरी नको म्हणून पहारा गोऱ्यांचा ठेवला. सांगतात की खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणी म्हणायचा, आणि पळण्याचा सगळा बेत त्या गाण्यांत असायचा. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता! सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. मला हा किस्सा भारी आवडतो, खराखोटा काय असेल तो असो.

मग त्यांना धरून देण्याच्या बोलीवर इंग्रजांनी सिंहगड, पुरंदर, रायगड तारण मागितले, १८१७ चा पुणे करार लादला, आणि वर्षभरात पेशवाईच आटोपली.

१८१८ मध्ये ते पुन्हा सापडले. रवानगी काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात, तिथेच १८२९ मध्ये मृत्यू. धनी मात्र वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ बिठूरला स्नानसंध्या करत होता. बिठूरच्या घाटावरून वाहणारी गंगाच पुढे चुनारला जाते.