ती पूल का ओलांडत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या बालकादंबरीतली नऊ वर्षांची मुलगी पुरानंतर घाबरते आणि पुस्तक संपतं तेव्हाही विश्वामित्री नदीचा पूल अर्धाच चालून परत फिरते. ‘शेवटी एकदा पार करवायचा होतात की तिच्याकडून!’ असं पालक हटकून म्हणतात.

३१ जुलै २०१९ला आमच्या बडोद्यात एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला. विश्वामित्री वस्त्यांत शिरली, तिच्याबरोबर मगरीही आल्या. मगरींचं आम्हा बडोदेकरांना नवल नाही. काठावर ऊन खात पडलेली मगर आम्ही पाहुण्यांना पुलावरून कौतुकानं दाखवतो. पण तीच रस्त्यावरच्या पाण्यात दिसली, आणि तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली माझी भाची कितीतरी दिवस तळमजल्यावर झोपेना. कमाटीबागेच्या वाटेवर काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळचा पूल लागतो. तो नको, म्हणून बागही नको, तिथली छोटी आगगाडीही नको.

‘घाबरायचं काय त्यात’ असं आम्ही मोठ्यांनी शंभरदा म्हटलं असेल. माझी चूकच ती. शेजारचा गुजराती मुलगा तसं एकदाही म्हणाला नाही. त्यालाही भीती वाटतच होती. दोघांनी ठरवलं, रोज पुलाच्या दिशेनं दिव्याच्या एका खांबापर्यंत जायचं. तिथं पोचलं की तो म्हणायचा, ‘आजे आटलुं ज’, आज एवढंच. मग दोघं मागे फिरायची. माझे वडील छत्री घेऊन दहा पावलं मागे असत. पुढं चल म्हणत नसत, मागं फिर म्हणत नसत. पुन्हा मोठा पाऊस लागला तेव्हा मुलं दोन खांब मागे आली. त्यावर कुणी काही बोललं नाही.

हे डोळ्यांनी पाहिल्यावर शेवटच्या पानावर तिला पूल पार करायला लावणं मला जमेना. वाचणारं एखादं मूल अजून तिसऱ्याच खांबाशी उभं असेल, त्याला ते पान काय सांगणार?

मुलांनी मात्र मला हे कधीच विचारलं नाही. ती विचारतात, ‘दुसऱ्या दिवशी तिचा मित्र परत आला ना?’

आला. पुस्तकात लिहायचं राहिलं, पण आला.