विंचवाचा उतारा

देवळाची जत्रा जवळ आली की आमच्याकडे गोव्यात दुपारची झोप विसरायची. ऐन जेवण अंगावर आलेलं असताना साउंडवाला येतो, 'हॅलो हॅलो, चेक चेक' करतो आणि स्पीकर तपासायला लावतो काय, तर शाहीर साबळ्यांचं विंचू चावला. ते पण अर्धंच! माणूस कळवळतो, बोंबलतो, आणि उताऱ्याचं कडवं यायच्या आधीच हा बटण बंद करतो. मला गाणं मध्येच तुटलेलं चालत नाही, उरलेलं मनातल्या मनात म्हणून संपवावंच लागतं. एकनाथांनी सत्त्वगुणाचा अंगारा शेवटी ठेवलाय, आणि सगळं पब्लिक नाचतं ते विंचू चावल्यावर.

लहानपणी मला ते भारूड साबळ्यांचंच वाटायचं. कुठे सोळाव्या शतकातले पैठणचे नाथ, आणि कुठे 1923 साली वाईजवळच्या पसरणीत जन्मलेले कृष्णराव साबळे, पण त्या खणखणीत आवाजाने मधली साडेतीनशे-चारशे वर्षं गिळूनच टाकली. नंतर 'महाराष्ट्राची लोकधारा' आली. गोंधळ, वासुदेव, कोळीनाच सगळं एका स्टेजवर. लोककला स्टेजवर आणली की बाटते म्हणणारे आमच्यातही आहेत, धालो, म्हणजे बायकांची गाणी-नाच, मांडावरच, त्यांच्या ठरलेल्या पवित्र अंगणातच हवेत वगैरे. धालोंचं मान्य, ते मांडावरच शोभतात. पण वासुदेव काही आमच्या वाड्यावर कधी फिरकला नाही, आम्हाला तो कॅसेटमधूनच भेटला, मग काय करायचं?

तर विंचू. आमच्या काकांना एकदा खरंच चावला. न्हाणीत भाणाखाली, पाणी तापवायच्या हंड्याखाली, जाळ घालायला नारळाची सोडणं काढत होते, त्या ढिगात होता. काका बोंबलत अंगणात आले आणि आम्हा पोरांना काय अवदसा आठवली, एकाने डबा बडवायला घेतला, बाकीच्यांनी कोरस धरला. साबळ्यांची ती 'अगं अगं'ची फेक सुद्धा जमवली हो! आजी चवताळून बाहेर आली, "गप्प बसात रे! मनीस हांगा रडटा आनी तुमकां गाणीं सुचतात?" एकेकाच्या पाठीत धपाटा बसला. काकांना मोटरसायकल पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या मागे बसवून डॉक्टरकडे पाठवलं, तरी आमच्यातला धाकटा फाटकाआड उभा राहून अंगाऱ्याचं कडवं म्हणतच होता. हे अर्धं न सोडायचं खूळ आमच्या घराण्यातच असावं.

शाहिरांना 1998 मध्ये पद्मश्री मिळाली, 2015 च्या मार्चमध्ये ते गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन. काका अजून आहेत आणि लग्नात हे गाणं लागलं की सगळ्यात आधी उठून नाचतात. तो विंचू शेवटी सापडला की नाही, कुणालाच आठवत नाही.