गिटार, ऑफिसची खुर्ची आणि देवघरातला पाट

मार्चमध्ये एका सकाळी उठलो तर डावं मनगट वळेना. आदल्या रात्री दोन तास एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायचा तो) घोटला होता म्हणून म्हटलं सरावाचं दुखणं आहे, जाईल. गेलं नाहीच, वर खांद्याच्या पात्याखाली चमक मारायला लागली. मग बायकोने न सांगता मी वाजवत असतानाचा व्हिडिओ काढला आणि दाखवला. ताटातले तांदूळ निवडायला बसलेला माणूस जसा मान खाली घालून बसतो ना, डिट्टो तसा मी. फक्त तांदळाऐवजी मांडीवर टेलिकास्टर टाईपची इलेक्ट्रिक गिटार.

का वाकत होतो, तर फ्रेट (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दिसावेत म्हणून. गिटारचं तोंड हळूहळू छताकडे वळायचं, म्हणजे फ्रेटबोर्ड मस्त दिसतो, पण मग तिसऱ्या स्ट्रिंगपर्यंत पोचायला मनगट काटकोनात मोडावं लागतं. आणि गंमत म्हणजे नेकच्या, म्हणजे त्या दांड्याच्या, वरच्या कडेला ते बारीक ठिपके असतात, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या, बाराव्या फ्रेटला, ते वाजवणाऱ्यासाठीच असतात! मी चार वर्षं वाजवतोय आणि ते शोभेचे समजत होतो.

तर आधी खुर्ची बदलली. ऑफिसच्या खुर्चीला हात असतात, त्यामुळे गिटार खाली बसतच नाही, खांदा उचलून वाजवावं लागतं. पलंगाच्या कडेला बसलो तर गादी दबते, गुडघे कमरेच्या वर जातात आणि पाठ आपोआप गोल होते. शेवटी जेवणाच्या टेबलाची बिनहाताची लाकडी खुर्ची घेतली, तिच्यावर पुढच्या अर्ध्या भागात बसायचं, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. निम्मं दुखणं इथेच कमी झालं खरं सांगायचं तर.

मनगट मात्र तसंच. आपण सगळे गिटार उजव्या मांडीवर ठेवतो आणि नेक जमिनीला समांतर जाते, बऱ्याचदा खालीच झुकते. क्लासिकल गिटारवाले उलटं करतात, डावा पाय छोट्या स्टुलावर, गिटार डाव्या मांडीवर, नेक तिरकी वर, हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, जवळजवळ डोळ्यांच्या उंचीला. असं केलं की मनगट सरळ राहतं आणि अंगठा नेकच्या मागे आपोआप मधे येतो. स्टूल कुठून आणणार, म्हणून देवघरासमोरचा पाट घेतला. आई म्हणाली, "अरे पाय ठेवतोस पाटावर? त्यापेक्षा खाली मांडी घालून बस की, सतारवाले बसतात तसा." बसून बघितलं हो, पण सतारीचा भोपळा पायाशी टेकतो म्हणून ती तिरकी उभी राहते, इलेक्ट्रिक गिटार ही एक सपाट फळी, ती मांडीवरून घसरत पोटाखाली जाते.

पाटाने एफ कॉर्ड पहिल्यांदा स्वच्छ वाजला. पण तासाभराने कंबर एकाच बाजूने धरायला लागली, कारण एक पाय वर म्हणजे कंबरही वाकडी. पाट परत देवघरात.

मग जे केलं ते इतकं सोपं होतं की चिडच आली. बसूनही स्ट्रॅप, म्हणजे गिटारचा खांद्यावरचा पट्टा, लावला. मला वाटायचं स्ट्रॅप म्हणजे उभं राहून वाजवायला, पण आखूड करून घेतला की वजन खांद्यावर जातं, नेक तिरकी वर राहते, दोन्ही पाय जमिनीवर. टेस्ट एकच, डावा हात पूर्ण सोडून द्यायचा, नेक जागची हलली नाही पाहिजे. माझी आधी धाडकन खाली यायची, म्हणजे इतके दिवस डावा हात कॉर्डही धरत होता आणि गिटारही सांभाळत होता, मग दुखणार नाही तर काय. स्ट्रॅप आतून खरखरीत चामड्याचा घ्या, नायलॉनचा शर्टावरून सरकतो. एसजी मॉडेलची गिटार असेल तर हे अजून महत्त्वाचं, तिची नेक खाली झुकण्यासाठी प्रसिद्धच आहे. लेस पॉल मॉडेल असेल तर पट्टा रुंद घ्या, चार किलोच्या पुढचं वजन अरुंद पट्टीवर खांद्यात रुततं. आणि बसून वाजवणं म्हणजे नवशिक्यांचं काम असं कोणी म्हटलं तर किंग क्रिमसन या रॉक बँडच्या रॉबर्ट फ्रिपचं नाव सांगा, तो माणूस स्टेजवर स्टुलावर बसूनच वाजवत आलाय.

आता अर्धा तास झाला की मोबाईल वाजतो, मी उठून पाणी पितो. मनगट मे महिन्यापासून शांत आहे.

उजव्या हाताचं तेवढं राहिलंय. टेलिकास्टरची कड सरळ कापलेली असते, ती कोपराच्या खाली रुतते आणि करंगळीला मुंग्या येतात. फेंडर कंपनीने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हा हात टेकतो ती कड उतरती केली आणि पोटाकडची बाजू खोलगट कापली, त्यामुळे मित्राची स्ट्रॅट हातात घेतली की मनात भलते विचार येतात. पण घरात दुसऱ्या गिटारचा विषय काढण्यासारखी सध्या परिस्थिती नाही. तोवर जुना मोजा पुढून कापून हातात घालतोय, दिसतो बावळट, पण मुंग्या येत नाहीत.