पटावर किती?

4 ऑक्टोबर 2016 ला मॅथ्यू चक्रीवादळ हैतीच्या दक्षिण द्वीपकल्पावर आदळलं. त्यानंतर चार महिन्यांनी मी ले काय शहराजवळच्या एका शाळेत पोचलो. काम साधं होतं, छप्पर मोजायचं आणि अंदाजपत्रक करायचं. मी कराडचा सिव्हिल इंजिनिअर, रंगानं चांगलाच सावळा. तरी पोरं 'ब्लाँ! ब्लाँ!' म्हणून हाका मारत. ब्लाँ म्हणजे गोरा. तिथे परका तो गोरा, मग रंग कुठलाही असो.

वर्ग सिमेंट ब्लॉकचे. वासे भिंतीला पट्ट्यांनी जखडलेलेच नव्हते, नुसते टेकवलेले. वारा आत शिरला आणि छप्पर खालून उचलून घेऊन गेला. मागची भिंतही कमरेपर्यंत ढासळली. वर ताडपत्री ताणून शाळा चालू होती.

माझ्या फॉर्मवर एक रकाना होता, पटसंख्या. सकाळी तिसरीच्या वर्गात 43 डोकी मोजली. कडक इस्त्रीचे गणवेश, मुलींच्या वेण्यांना त्याच रंगाच्या रिबिनी. (पाणी डोक्यावरून आणायचं, वीज नाही, तिथे हे रोज कोण कसं जमवतं, मला अजून कळलेलं नाही.) मग डिरेक्टर, म्हणजे मुख्याध्यापक, वही घेऊन आले आणि नावं वाचू लागले. फी थकलेल्यांनी गुपचूप दप्तरं उचलली. मी पुन्हा मोजलं. 26.

डोकं तापलं. सुट्टीत दुभाष्याला मधे घेऊन विचारलंच. डिरेक्टरांनी दुसरी वही पुढे केली, मास्तरांच्या पगाराची. तीन महिन्यांचे रकाने कोरे. हैतीतल्या 80 टक्क्यांहून जास्त शाळा खासगी. या शाळेला तर सरकारकडून छदाम नाही. फी आली तरच पगार. आणि फी किती? तिमाहीला 250 डॉलर. मी दचकलो, तसा दुभाषी हसला, "हैतियन डॉलर, मुस्यू!" म्हणजे 1250 गूर्द, गूर्द हे तिथलं चलन. पाच गूर्दांचा एक डॉलर, पण त्याची नोट कुठेच नाही, सगळा हिशोब तोंडी. आपल्याकडे आणे गेले तरी 'बारा आणे' राहिलेच की.

सुट्टीनंतर टेप घेऊन मागच्या बाजूला गेलो. आंब्याखाली ती सतराही जणं बसलेली. घरी कुणी गेलंच नव्हतं. पडक्या भिंतीवरून फळा दिसत होता. बाई फ्रेंचमधून नद्यांची नावं सांगत होत्या आणि बाहेरची पोरं आतल्यांपेक्षा मोठ्यानं घोकत होती. घरी सगळे क्रेओल बोलणारे, त्यामुळे आतल्यांना तरी कितपत उमगत होतं देव जाणे. एका मुलीची रिबीन सुटली होती. ती दातांत धरून तिनं 'आर्तिबोनित' लिहिलं, फळ्याकडे पाहिलं, खोडलं, परत लिहिलं.

रकान्यात मी 43 लिहिले.

निघताना डिरेक्टरांना विचारलं, पैसे दोन हप्त्यांत येणार, आधी छप्पर घेऊ की भिंत? त्यांनी एकदा आंब्याकडे पाहिलं.

"पत्रे घाला," ते म्हणाले. "भिंतीची काही घाई नाही."