आमची वाटचाल : पडदे, कपडेपट आणि तालमीची जागा

इंदुरातील हौशी मराठी नाट्यमंडळांना पडदे, फ्लॅट (नेपथ्याच्या सुट्या भिंती), लेव्हल (रंगमंचावर उंची देणारे चौथरे), दिवे, कपडे आणि टोप भाड्याने देणारी आमची छोटी पेढी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझ्या सासऱ्यांनी रामबागेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर ती सुरू केली. आज तिचा कारभार माझे यजमान आणि मी पाहतो. त्यांच्याकडे दिवे आणि नेपथ्य, माझ्याकडे कपडेपट आणि हिशेब. गोदाम आता राजेंद्रनगरकडे हलले आहे. पेढीची हकीकत मंडळांच्या हकीकतीपासून वेगळी काढता येत नाही, कारण मंडळांनी प्रयोग केले तरच आमचे सामान गोदामाबाहेर पडते, आणि गेल्या चाळीस वर्षांत मंडळांवर जी जी वेळ आली ती आमच्यावरही आली.

होळकरांच्या काळापासून या शहरात मराठी माणसांची मोठी वस्ती आहे आणि तिच्याबरोबर नाटकाची हौसही आली. गणेशोत्सवातील मांडवांत नाटके होत, महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थांमुळे वाचणारा आणि बोलणारा वर्ग टिकून होता, आणि बाबा डिके यांच्या नाट्यभारतीने हौशी नाटकही किती शिस्तीने करता येते हे इंदूरला दाखवून दिले. माझे सासरे एका कापड गिरणीच्या भांडार विभागात नोकरीला होते आणि संध्याकाळी मंडळांच्या नाटकांत पडद्यामागे राबत. भांडारात काम केल्यामुळे असेल, त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली की प्रत्येक मंडळ प्रत्येक नाटकासाठी नवे नेपथ्य उभे करते, त्यावर वर्गणीचा मोठा भाग खर्च होतो आणि एक-दोन प्रयोगांनंतर तेच लाकूड कुणाच्या तरी गच्चीवर पावसात कुजते. दुसऱ्या मंडळाला तेवढ्याच मापाचे दार हवे असले तरी ते नव्याने बनवले जाते. पेढी सुरू करण्यामागे त्यांचा एवढाच विचार होता की हे सामान एकदा नीट बनवावे आणि सगळ्यांनी वापरावे.

त्यांनी पहिल्यांदा बनवले ते ८ बाय ४ फुटांचे फ्लॅट. हलक्या लाकडाची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेला मांजरपाट, वरून सरस आणि खडूच्या पुडीचा हात, आणि त्यावर हवा तो रंग. दोन फ्लॅट जोडायला बिजागऱ्या, पण त्यांची खीळ काढता येणारी, म्हणजे प्रयोग संपल्यावर हातोडीची गरज न पडता भिंत सुटी होते आणि टेम्पोत उभी रचता येते. काही फ्लॅटांत दार, काहींत खिडकी, काही कोरे. याच चौकटी एका नाटकात कोकणातले घर होतात, दुसऱ्यात मुंबईची चाळ आणि तिसऱ्यात वकिलाचे कार्यालय. रंगाचे थर वाढून कापड जड झाले की ते उतरवून नवे चढवावे लागते, मात्र चौकट वर्षानुवर्षे टिकते. सासऱ्यांच्या हातच्या काही चौकटी आजही वापरात आहेत, आणि नवे फ्लॅट करतानाही आमचे सुतार मिस्त्री तेच माप धरतात, कारण जुने आणि नवे एकमेकांना जोडता आले पाहिजेत.

कपडेपटाबद्दल थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण ते माझे काम आहे आणि त्यातले कष्ट बाहेरून दिसत नाहीत. जरीचा शालू उलटा करून, मलमलीत गुंडाळून ठेवला नाही तर जर काळी पडते. लोकरी डगल्यांना कसर लागते, म्हणून पावसाळा संपला की सगळा कपडेपट उन्हाला काढावा लागतो. एकच बाराबंदी सडपातळ मुलालाही बसावी आणि स्थूल गृहस्थांनाही, म्हणून शिवणीत आत भरपूर कापड सोडावे लागते आणि बंद लांब ठेवावे लागतात. पगड्यांत तर विशेष जपावे लागते. पुणेरी आणि होळकरी पगडी यांतला फरक इंदूरच्या प्रेक्षकाला लांबूनही कळतो, आणि चुकीची पगडी घातलेला सरदार रंगमंचावर आला की पहिल्या रांगेतले ज्येष्ठ नागरिक मध्यंतरात आत येऊन सांगतात. मला त्याचा त्रास होत नाही, उलट असा प्रेक्षक अजून आहे याचा आनंद वाटतो.

पहिला कठीण काळ आला तो दूरचित्रवाणीबरोबर. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले, पुढे घरोघरी संच आले आणि संध्याकाळच्या तालमींना माणसे जमेनाशी झाली. त्याच सुमारास कापड गिरण्या डबघाईला आल्या. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, इतरही गिरण्यांची तीच गत झाली, आणि मंडळांना वर्गणी देणारा, पडदा ओढणारा, प्रॉम्प्टिंग करणारा पगारदार माणूस एकाएकी अडचणीत आला. आमच्या घरचा पगारही त्यातच थांबला. त्या वर्षांत पेढी तगली ती अनंत चतुर्दशीच्या झांक्यांमुळे, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या चित्ररथांमुळे. गिरणी कामगारांनी सुरू केलेली ही मिरवणूक गिरण्या बंद झाल्यानंतरही निघत राहिली, आणि झांकीसाठी लागणारे सुतारकाम, रंगकाम आणि दिवे ही आमच्या माणसांच्या हातातलीच कामे होती. नाटकाने शिकवलेले काम झांकीने जगवले आणि गणपती उठल्यावर तेच हात पुन्हा फ्लॅट रंगवायला बसले.

नव्वदच्या दशकानंतर लग्नसमारंभांच्या रोषणाईचे काम मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. एका लग्नात जे भाडे मिळते ते मिळवायला मंडळांचे बरेच प्रयोग लागतात, त्यामुळे नाटकाचे काम सोडून द्यावे असा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला. आम्ही लग्नाची कामे घेतली, आजही घेतो, पण दोन गोष्टी पहिल्यापासून ठरवल्या. लग्नाचे सामान वेगळे आणि नाटकाचे वेगळे राहील, आणि मंडळाने एकदा तारीख नोंदवली की त्या दिवशी कितीही मोठे लग्न आले तरी मंडळाचे सामान हलणार नाही. या दुसऱ्या नियमाने आमचे काही वेळा नुकसान झाले आहे. तरीही तो योग्यच होता असे मी ठामपणे म्हणते, कारण सभागृहाची तारीख महिनोन्‌महिने आधी मिळवलेली असते, नोकरदार कलावंतांनी त्यासाठी रजा टाकलेल्या असतात, आणि ऐनवेळी दिवे आले नाहीत तर असे मंडळ पुन्हा लवकर उभे राहत नाही.

याच काळात सानंद न्यास या इथल्या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके सभासदांसाठी नियमितपणे इंदुरात होऊ लागली. त्यामुळे हौशी मंडळांचा प्रेक्षक तुटला असे काही जण म्हणतात, पण मला ते पटत नाही. नाटकाला वेळेवर येऊन बसण्याची, तिसऱ्या घंटेनंतर गप्प राहण्याची सवय एका पिढीला त्यातूनच लागली. मंडळांपुढची अडचण निराळी आहे. तोच प्रेक्षक हौशी प्रयोगाला येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर व्यावसायिक नेपथ्य असते, आणि वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला त्या तोडीचे काहीतरी उभे करावे लागते. सामायिक सामानाची गरज तिथेच अधिक जाणवते.

दिव्यांच्या बाबतीत आम्ही बदललो तो खर्चाच्या रेट्यामुळे. जुने पार दिवे, म्हणजे रंगमंचावरचे हॅलोजनचे झोतदिवे, प्रत्येकी १००० वॅटचे, त्यांच्या बल्बचे आयुष्य सुमारे ३०० तासांचे, आणि २४ दिवे लावले की २४ किलोवॅटचा भार. छोट्या सभागृहांत तेवढी वीज मिळत नसे, मग जनरेटर आणि त्याचे डिझेल यांचा खर्च मंडळाच्या माथी बसे. तीन-तीन वॅटचे ५४ एलईडी असलेला दिवा १६२ वॅटचा असतो; असे २४ दिवे ४ किलोवॅटच्या आत चालतात आणि रंगीत जिलेटिन कागदही लागत नाहीत. तरीही हॅलोजनचे काही दिवे आम्ही मुद्दाम राखून ठेवले आहेत. डिमरवर हॅलोजन हळूहळू उतरवला की त्याचा प्रकाश तांबूस होत जातो आणि माणसाच्या चेहऱ्यावर खरी संध्याकाळ दिसते. दिवाणखान्यातल्या नाटकाला ती संध्याकाळ लागते आणि आमच्याकडच्या एलईडीला ती अजून जमलेली नाही, असे यजमानांचे मत आहे.

२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मंडळांच्या खजिनदारांत बरीच घबराट होती. तिकिटावर कर लागणार का, हा प्रश्न आम्हाला रोज कुणीतरी विचारत असे. जानेवारी २०१८ मध्ये नाट्यप्रयोगाच्या प्रवेशशुल्कावरील सूट २५० रुपयांवरून ५०० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली, आणि हौशी मंडळांची तिकिटे त्या मर्यादेच्या पुष्कळच खाली असल्याने तो प्रश्न मिटला. लेखकाच्या परवानगीचे मात्र आम्ही आग्रहाने विचारतो. लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षे हक्क कायम राहतो, हे अनेकांना ठाऊक नसते, आणि परवानगीचे पत्र हाती असल्याखेरीज आम्ही सामानाची तारीख पक्की करत नाही.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने सगळेच थांबले. इंदुरात साथीचा जोर मोठा होता, सभागृहे बंद होती, लग्ने मोजक्या माणसांत होत होती, म्हणजे आमची दोन्ही उत्पन्ने एकदमच गेली. गोदामाचे भाडे, मिस्त्रींचा आणि आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या मावशींचा पगार हे खर्च चालूच होते. मंडळांनी ऑनलाइन अभिवाचने केली, पण त्यांना फ्लॅट लागत नाहीत. अशा वेळी एका जुन्या मंडळाच्या सभासदांनी वर्गणी गोळा केली आणि पुढच्या नाटकाचे पूर्ण भाडे आमच्याकडे आगाऊ जमा केले. नाटक ठरलेले नव्हते, तारीख तर नव्हतीच. पावतीवर काय लिहावे हा मला प्रश्न पडला आणि शेवटी मी ‘आगामी प्रयोगासाठी’ एवढेच लिहिले. नंतर आणखी काही मंडळांनी तसेच केले. त्या पैशांतून पगार झाले, आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले तेव्हा त्या प्रत्येक पावतीचे सामान आम्ही जुन्याच दराने पोहोचवले.

साथीनंतर मंडळांची खरी अडचण आमच्या ध्यानात आली. छोटे मंडळ बंद पडते ते पडलेल्या प्रयोगामुळे क्वचितच. पडलेल्या नाटकानंतरही माणसे पुढच्या वर्षी उभी राहतात. मंडळ विस्कटते ते तालमींच्या महिन्यांत. पूर्वी कुणाच्या तरी वाड्याचे चौक असत, शाळेचे वर्ग संध्याकाळी उघडून मिळत. आता वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या आहेत, शेजारी आवाजाची तक्रार करतात, आणि सभागृह तालमीसाठी रोज घेणे कुणालाच परवडत नाही. आठ माणसांना रोज दोन तास भेटायला जागा नसेल तर दुसऱ्या आठवड्यात सहा येतात, तिसऱ्यात चार, आणि नाटक न करताच मंडळ संपते. हे आम्ही इतक्या वेळा पाहिले होते की गोदामाची फेरमांडणी करून पुढचा अर्धा भाग मोकळा केला, जमिनीवर शहरातल्या रवींद्र नाट्यगृहाच्या रंगमंचाची कल्पना यावी अशा खुणा रंगाने आखल्या आणि ती जागा तालमींसाठी दिली. सामान आमच्याकडून घेणाऱ्या मंडळाला तिचे वेगळे भाडे नाही, विजेचे तेवढे द्यायचे.

या जागेचा व्यवसायालाही उपयोग झाला, तो आम्ही धरलेला नव्हता. तालीम गोदामातच होत असल्याने दिग्दर्शक पहिल्या आठवड्यापासून खऱ्या लेव्हलवर आणि खऱ्या दारातून हालचाली बसवतो, त्यामुळे रंगीत तालमीच्या दिवशी दार उलट्या बाजूला उघडते म्हणून होणारी धावपळ संपली. नाटकाला जेवढे सामान लागते तेवढेच नेले जाते. एका नाटकाची माणसे निघत असताना दुसऱ्याची येतात आणि पात्र कमी पडले तर तिथल्या तिथे मागून घेतात. एकमेकांच्या नाटकांत काम न करण्याचा मंडळांचा जुना बाणा होता, तो अशाने बराच सैल झाला. मुले शिक्षणाला आणि नोकरीला पुण्या-बंगळुरूकडे जात असल्याने तरुण पात्रे कमी आहेत, तेव्हा ही देवघेव आता अपरिहार्यच आहे.

नाटकांची निवडही बदलली आहे. पंधरा-वीस पात्रांची ऐतिहासिक नाटके क्वचित होतात, तीन-चार पात्रांची नाटके आणि एकांकिका अधिक. त्यामुळे मावळ्यांचे अंगरखे कपाटात पडून असत. आता ते मावशींनी उसवायला घेतले आहेत, कारण उन्हाळ्याच्या सुटीतल्या बालनाट्य शिबिरांची मागणी दरवर्षी वाढते आहे आणि लहान मापाचे कपडे आमच्याकडे कधीच पुरेसे नव्हते. एका मोठ्या अंगरख्यात दहा वर्षांच्या मुलाचे दोन निघतात. शिबिरातल्या कित्येक मुलांना मराठी वाचताना अडखळायला होते, पण संवाद ती ऐकून पाठ करतात आणि स्पष्ट बोलतात. दिवाळीपर्यंत लहान मापाचा पूर्ण संच तयार होईल. ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनाला मुलांचा प्रयोग करू इच्छिणाऱ्या मंडळांनी मापे गणपतीपूर्वी पाठवावीत, म्हणजे शिवणीत किती कापड सोडायचे ते ठरवता येईल.