दारणेच्या पुरात मचाणावरून तिरंदाजी: सामान कोरडं ठेवायचं कसं

पाऊस पडतो इगतपुरीला आणि पाणी शिरतं पळसे गावच्या शेतात. दारणाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, पण नाशिकहून जाणारा आकाश बघून निघतो आणि फसतो. डोक्यावर ऊन, रस्ता कोरडा, आणि वरच्या दारणा धरणातून विसर्ग वाढवलेला असला की नदीकाठचं सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं. त्यामुळे निघण्याआधी ढग बघू नका, धरणाचे आकडे बघा. दारणेतून किती क्युसेक सोडलंय ते जाहीर होतंच आणि काठच्या गावांतल्या ग्रुपवर लगेच फिरतं. आकडा चढता असेल तर घरी बसा. उतरता असेल आणि शेतमालक स्वतः ‘या’ म्हणाला, तरच गाडी काढा.

आम्ही श्रावणातल्या एका रविवारी गेलो ते अशाच उतरत्या पाण्यात. आम्ही म्हणजे नाशिकरोड भागातले काही हौशी तिरंदाज. पावसाळ्यात आमच्या सरावाच्या मैदानाचा चिखल होतो आणि धनुष्यं कपाटावर जातात. ग्रुपमधल्या एकाच्या काकांचं शेत पुणे रस्त्यापासून आत, दारणेच्या अंगाला आहे. तिथे आंब्यावर राखणीचं जुनं मचाण आहे आणि पूर आला की खालच्या वावरात ओहोळातून मागे सरलेलं पाणी साचतं. वाहतं नाही, साचलेलं. कल्पना अशी की मचाणावर बसायचं आणि पलीकडच्या उंच बांधाला टेकवलेल्या फोमच्या टार्गेटवर बाण मारायचे.

धनुष्यं बघून रस्त्यावरच्या चहावाल्यानं पहिला प्रश्न केला, “काय, डुक्कर मारायला का?” तर नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ म्हणजे नुसती बंदूक नव्हे, धनुष्यबाणही त्यात येतो. परवानगीशिवाय तो घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणून गोदाकाठानं खाली नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याच्या बाजूला हा उद्योग करायचा विचारही नको, तिथे दुर्बीण घेऊन जा. आणि स्वतःच्या शेतात करणार असाल तरी पोलीस पाटलांच्या कानावर घाला. आम्ही आदल्या दिवशीच फोन केला होता, त्यामुळे नंतर बांधावर जमलेली मंडळी तमाशा बघायला आली होती, जाब विचारायला नाही.

पण युक्त्या मात्र शिकाऱ्यांकडून उचलल्या, हे कबूल. अमेरिकेच्या दक्षिणेकडे, मिसिसिपीच्या खोऱ्यात, पुराचं पाणी रानात पसरतं आणि तिथले परवानाधारक शिकारी त्याच पाण्यात उभ्या झाडांवर तासन्‌तास बसून बाणानं हरणं मारतात. झाडाखाली पाणी असल्यानं त्यांना काही म्हणजे काही खाली ठेवता येत नाही. आमचीही अडचण तीच होती. जे काही आहे ते अंगावर, नाहीतर फांदीला टांगलेलं.

तिथे बसल्यावर माझं मत पक्कं झालं की वरून पडणारा पाऊस हा खरा शत्रू नाही. सामान भिजतं ते आपणच वर नेलेल्या ओलीनं. निथळती दोरी, ओला रेनकोट, चिखलाचे हात, आणि हे सगळं ज्यात कोंबलं ती ‘वॉटरप्रूफ’ बॅग. ड्राय बॅगचं तोंड तीनदा घडी घालून लावलं की बाहेरचं पाणी आत येत नाही हे खरं, पण आत गेलेली ओलही मग बाहेर येत नाही. ऊन पडलं की आत दव धरतं. म्हणून ओल्याची पिशवी वेगळी आणि कोरड्याची वेगळी, आणि कोरड्या पिशवीत हात घालण्याआधी हात पुसायचे. पुसायचं फडकं गळ्यात हवं, पिशवीत नको.

बाणांसाठी आम्ही केलेली सोय नाशिक जिल्ह्यात कुणालाही जमेल. ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानातून ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, बाणापेक्षा वीतभर लांब कापा. एका तोंडाला टोपण सोल्युशननं कायमचं चिकटवा, दुसऱ्याला आट्यांचं झाकण बसवा. तळाशी फोमचा तुकडा म्हणजे टोकं आदळत नाहीत. हा नळा पाण्यात पडला तर तरंगतो. आमचा एक नेताना निसटला आणि निवांत तरंगत राहिला, त्यावरची केशरी चिंधी लांबून दिसत होती. कापडी भाता पडला असता तर शोधत बसावं लागलं असतं.

बाकी सामानाला द्राक्षांचं प्लास्टिकचं क्रेट. जाळीचं असतं, पाणी साठत नाही, चार कोपऱ्यांना दोरी बांधली की फांदीला टांगता येतं. महागड्या हुकांपेक्षा मला हे आवडलं. वरून खताच्या गोणीतलं आतलं प्लास्टिक, स्वच्छ धुतलेलं, छपरासारखं टाकायचं, पण बाजू उघड्या ठेवायच्या म्हणजे हवा खेळते.

टांगताना एक बारकावा आहे. खोडावरून आणि दोरीवरून पाणी ओघळत येतं आणि थेट सामानात उतरतं. क्रेटच्या गाठीच्या वर वीतभर अंतरावर दोरीला सुती चिंधी बांधा, तिचं टोक बाजूला लोंबतं ठेवा. ओघळ चिंधीपाशी वळतो आणि टोकावरून ठिबकतो. आमच्या चिंधीच्या टोकाला थेंब जमत होता, फुगत होता, पडत होता, आणि खालची गाठ कोरडीच. मित्र म्हणाला, हेही ठिबक सिंचनच.

झाडापर्यंत जाताना काठीनं पुढचा तळ चाचपत जा. काळ्या मातीत गमबूट आत राहतो आणि पाय वर येतो. मांडीच्या वर पाणी असेल किंवा पानं वाहताना दिसत असतील तर परत फिरा. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरूच नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. सामान ट्रॅक्टरच्या ट्यूबवर ठेवून ढकलत न्या, माणूस ट्यूबवर नको.

झाड कुठलं, हेही महत्त्वाचं. आंबा, चिंच चालते. जांभळाची आणि शेवग्याची फांदी दगा देते. चढण्याआधी खोड खालपासून वरपर्यंत नीट बघा, कारण पुरात जमिनीवरचे सगळे रहिवासी झाडावरच येतात. मुंगळे होतेच, सालीत एक मोठी घोणही होती. साप दिसला तर झाड त्याचं. आधी हार्नेस (पडताना अडवणारे पट्टे) अंगावर घालून खोडाला बांधायचा, मग चढणं, आणि हात रिकामे. वर बसल्यावर धनुष्य दोरीनं ओढून घ्यायचं. गाठ वरच्या टोकाच्या लिंबला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला, मारली की ते उभं येतं, फांद्यांत आडवं अडकत नाही. धनुष्याच्या दोरीला मात्र गाठ मारायची नाही. बाण वेगळे, बंद नळ्यात, नंतर. ओढायच्या दोरीचं खालचं टोक पाण्यात लोंबू देऊ नका, ते पाणी शोषतं आणि पुढच्या वेळी सगळं तुमच्या बाहीत येतं.

आता खुद्द धनुष्याचं. दोरीला आदल्या दिवशी मेण लावून बोटांनी चोळून गरम करा, म्हणजे ते धाग्यांत मुरतं. बिनमेणाची दोरी पाणी पिते, जड होते, बाण मंदावतो आणि खाली लागतो. खरी पिसं लावलेले बाण अशा दिवशी घरी ठेवा. पिसं भिजली की बसतात आणि बाण डगमगत जातो. पिसांऐवजी लावलेल्या प्लास्टिकच्या व्हेनला फरक पडत नाही. कंपाउंडवाल्यांनी (चाकांच्या धनुष्यवाल्यांनी) पीपमध्ये, म्हणजे दोरीतल्या नेम धरायच्या भोकात, अडकलेला थेंब फुंकून काढावा, नाहीतर टार्गेटच्या जागी नुसता धूसर गोळा दिसतो. रिकर्व्हवाल्यांचा (टोकं पुढे वळलेल्या बिनचाकी धनुष्यवाल्यांचा) बोटांवरचा चामड्याचा टॅब भिजला की बुळबुळीत होतो, सुटा दुसरा हवाच. दोरी सोडायच्या खटक्याचं, म्हणजे रिलीजचं, बटण ओल्या बोटानं अवचित दाबलं गेलं तर बाण कुठेही जातो आणि बाण लावलेला नसताना दोरी सुटली तर कंपाउंड धनुष्य मोडूही शकतं. म्हणून प्रत्येक बाणाआधी बोटं पुसायची, कितीही कंटाळा आला तरी.

उंचीवरून मारताना बाण वर लागतो अशी तक्रार सगळे करतात आणि दोष गणिताला देतात. मचाण बारा फुटांवर आणि टार्गेट वीस मीटरवर असेल तर तिरकं अंतर आणि आडवं अंतर यांत अर्ध्या मीटरचाही फरक नाही. बिघडतं ते शरीर. नुसता हात खाली नेला की खांदा मोडतो. आधी समोर सरळ ताणा, मग कमरेतून वाका. हार्नेसचा पट्टा त्यासाठी पुरेसा ढिला हवा, पण पडल्यावर लोंबकळत राहावं लागेल इतका नाही.

चुकलेला बाण हा शेतात सगळ्यात गंभीर विषय. पाणी ओसरल्यावर त्याच चिखलात बायका अनवाणी निंदायला उतरतात. कार्बनचा तुटका बाण पायात गेला तर बारीक कुसं काढणंही अवघड. आम्ही प्रत्येक बाणावर आकडा टाकला होता आणि मारण्याआधी व नंतर मोजणी करत होतो. टार्गेटमागे बांध आहे की नाही, बांधापलीकडे वाट आहे की नाही हे आधी चालून बघायचं. एक बाण बांधाच्या पायथ्याशी चिखलात घुसला, तो मिळेपर्यंत सगळं थांबवलं. काका म्हणाले, “राहू द्या हो एक.” नाही राहू दिला.

विजेचा आवाज आला की उतरायचं, यात मतभेद नको. आणि दिवस मावळायच्या आत गाडीपाशी. दारणाकाठच्या उसात बिबट्या असतो हे इकडे पोरालाही माहीत आहे. आम्ही चारलाच आवरलं. काकूंनी पिठलं-भाकरी तयार ठेवली होती, त्यामुळे आवरायला कुणी कुरकुरलं नाही.

घरी आल्यावर लगेच झोपू नका. धनुष्य केसमधून काढून कोरड्या फडक्यानं पुसा आणि पंख्याखाली भिंतीला टेकवून ठेवा. उन्हात नाही, उन्हात बंद केलेल्या गाडीत तर मुळीच नाही, उष्णतेनं लिंब आणि दोरी दोन्ही खराब होतात. कॅमच्या (कंपाउंडच्या टोकाच्या चाकांच्या) खोबणीत चिखल असेल तर जुन्या टूथब्रशनं काढा. बाणांचे नॉक (मागची खाचेची टोपणं) उपसून बाण उघडं तोंड खाली करून उभे ठेवा, आत शिरलेलं पाणी निथळतं. लोखंडी टोकांना आणि रिलीजच्या सांध्यांना पातळ तेलाचा एकेक थेंब. केस उघडीच वाळू द्या आणि सिलिका जेलच्या पुड्या सगळं खडखडीत वाळल्यावरच टाका. हार्नेसही सावलीत वाळवा आणि त्याची शिवण बोटानं चाचपून बघा. चिखलाचे कण धाग्यांत राहिले तर ते आतून पट्टा कापतात.